पाच महिने मागचा बांगलादेश

आधी माझा गाढवपणा सांगून मोकळी होते, म्हणजे पुढे मी काही शहाणपणाचं बोलले तरी तुम्ही फसणार नाही. वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी, दोन मुलांची आई असताना, मी एका परक्या माणसाचं अक्षर गिरवायला शिकले आणि त्याच्या नावाने जवळजवळ तीन महिने रोज एक ओळ लिहिली. हा माणूस बांगलादेशात राहायचा. म्हणजे मी लिहायला लागले तेव्हा राहत नव्हता, वारला होता. आणि हे सगळं ज्यांच्यासाठी केलं, त्या आमच्या सरांना काही म्हणजे काही कळत नाही, अशी माझी पक्की खात्री होती.

नात म्हणते, "आजी, याला फ्रॉड म्हणतात."

मी म्हणते, "म्हणोत. तू आधी सर काय चीज होती ते ऐक. मग तूच म्हणशील, आजी, तू त्यांचा गळा कसा नाही दाबलास?"

सर म्हणजे बांगलादेश अभ्यास केंद्राचे संचालक. केंद्र विद्यापीठाचं, पण विद्यापीठात जागा नाही म्हणून नगरला, एका कॉलेजच्या मागच्या अंगाला, सायकल स्टँडला चिकटून दोन खोल्यांत. माळीवाड्याच्या स्टँडवर रिक्षावाल्याला केंद्राचं नाव सांगितलं की तो तोंडाकडे बघायचा. सरांचं वर्णन केलं की म्हणायचा, "मे महिन्यात स्वेटर घालतात ते का? असं सांगा की मग!"

तेच ते. नगरचा मे महिना, पंख्याची हवासुद्धा भाजते, आणि हा माणूस हाफ स्वेटर घालून बसलेला. पहिल्या उन्हाळ्यात मी न राहवून विचारलं, "सर, बरं नाही का तुम्हाला?"

"मला काय धाड भरलीय? केंद्रात डिसेंबर चालू आहे, बाई."

नोकरी नवीन होती, म्हणून मी हसले नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पुढची नऊ वर्षं मी नुसती दात-ओठ खात काढली.

हा डिसेंबर कुठून आला ते सांगते. तिकडच्या एका नदीकाठच्या गावात एक निवृत्त ग्रंथपाल होते. सरांनी फार पूर्वी त्यांना एका पुस्तकाबद्दल पत्र लिहिलं होतं, तेव्हापासून ते सरांना तिकडचा इंग्रजी पेपर पाठवायचे. रोजचा अंक जपून ठेवायचा आणि महिन्याचा गठ्ठा सुतळीने बांधून टपालात टाकायचा. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं. सरांकडे पासपोर्ट होता, पण त्यावर शिक्का नव्हता. "शेजाऱ्याचा अभ्यास करायचा तर त्याच्या घरात घुसू नये, चहाला बसवून घेतात," असं म्हणायचे.

गठ्ठा आला की कोणीही शहाणा माणूस काय करेल? वरचा, ताजा अंक आधी वाचेल. सर तळातून, तारखेच्या क्रमाने, रोज एक अंक वाचायचे. एकच. पेपर तिकडे रविवारीही निघायचा, आणि आमचं केंद्र रविवारी बंद, गणपतीत बंद, दिवाळीत बंद. म्हणजे दर सुट्टीला केंद्र एक दिवस मागे पडायचं. असं मागे पडत पडत, मी लागले तेव्हा आम्ही पाच महिने मागे होतो. पुढेही तेवढेच राहिलो, कारण वर्षाला दोन-तीन गठ्ठे टपालात गहाळ व्हायचे आणि तेवढे महिने केंद्र आपोआप पुढे उडी मारायचं. भिंतीवर रोज एक पान फाडायची दोन कॅलेंडरं टांगलेली, एक नगरचं, एक केंद्राचं. अंक वाचून झाला की सर केंद्राच्या कॅलेंडरचं पान फाडायचे. आपल्या हाताने. मला हात लावू द्यायचे नाहीत.

मी एकदा सुचवलं, "सर, सोमवारी दोन अंक वाचावेत. रविवारचा एक, सोमवारचा एक. दोन-तीन वर्षांत गाडी रुळावर येईल."

"काल जेवला नाहीत म्हणून आज दोनदा जेवता का तुम्ही?"

"हो," मी म्हटलं. आणि खरंच जेवायचे.

"मग तुमच्या पोटाला काळाचं भान नाही," एवढं बोलून त्यांनी अंक उघडला.

आमचा धाकटा भाऊ पुणतांब्याचा, शेती करतो. एकदा चाळीत कांदा भरून ठेवलेला आणि मनात घालमेल, विकावा का थांबावं. कोणीतरी त्याला सांगितलं, तुझी बहीण बांगलादेशच्या हापिसात हाय, तिला इचार. आला थेट केंद्रात, चपला बाहेर काढून.

"सायब, बांगलादेशवाले आपला कांदा घेत्यात का न्हाई?"

सरांनी भिंतीकडे पाहिलं. "घेतायत. जोरात घेतायत सध्या."

भावाचं तोंड असं फुललं की मला कोपराने ढोसावं लागलं. "अरे येड्या, यांचं सध्या म्हणजे पाच महिन्यांपूर्वीचं."

"मग आत्ता?"

"आत्ताचं काय, त्याची मलाही फार उत्सुकता आहे," सर अगदी मनापासून म्हणाले. "पाच महिन्यांनी या. नक्की सांगतो."

भाऊ बाहेर आला, चपला घातल्या, आणि माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "आक्का, ह्या मानसाला पगार कोन देतं गं?"

देत होते खरे. म्हणून एकदा विद्यापीठाची समिती तपासणीला आली. दोन सुटातली माणसं. त्यांनी विचारलं, सध्या शेजारी देशात काय परिस्थिती आहे? सर खुर्चीतून उठले. काल शाळेत पाणी शिरलं, मास्तरांनी बाकं एकावर एक रचून वर मुलं बसवलीत, होड्या अजून पोचलेल्या नाहीत, असं सगळं त्यांनी इतक्या कळकळीने सांगितलं की एक जण म्हणाला, "अरेरे! पेपरात कसं नाही आलं?" मग त्याची नजर भिंतीवरच्या तारखेकडे गेली. अहवालात त्यांनी आम्हाला चांगलंच झोडपलं असणार. असणार म्हणते, कारण अहवाल आला तो सरांनी त्याच्या तारखेप्रमाणे गठ्ठ्याच्या वर ठेवला आणि पाच महिन्यांनी फोडला. तोवर ती समितीच बरखास्त झाली होती.

"बघितलंत बाई?" सर म्हणाले. "निम्म्या गोष्टींना उत्तर द्यावंच लागत नाही."

डोकं आपटायला भिंत शोधावी, तर भिंतीवरही दोन तारखा.

तर तो पेपर. त्याच्या पहिल्या पानाच्या समासात ते ग्रंथपाल रोज शिसपेन्सिलीने इंग्रजीत एक ओळ लिहायचे. गावातल्या घाटाच्या कितव्या पायरीला नदीचं पाणी आहे, ते बहुतेक असायचं. कधी, "पान दोनवर संपादक खोटं बोलतो आहे." कधी, "तुमच्याकडे पाऊस?" सर ती ओळ आधी वाचायचे, मग पेपर. मग मला हाक. "बाई, पाणी दुसऱ्या पायरीला आलं हो!" माझ्या घरी नळाला तिसऱ्या दिवशी पाणी, तेही करंगळीएवढं, आणि हे मला परदेशातल्या नदीच्या पायऱ्या मोजून दाखवायचे!

दर शनिवारी सर त्या ओळींना पोस्टकार्डावर उत्तर पाठवायचे. जूनमध्ये विचारलेल्या "तुमच्याकडे पाऊस?"ला नोव्हेंबरात उत्तर जायचं, "झाला. बरा झाला." पलीकडच्या माणसाने कधी कुरकूर केली नाही. दोघांच्या डोक्याचं माप घेणारा शिंपी एकच असावा.

गठ्ठ्याची सुतळी कापायची नाही, गाठ सोडायची, हाही एक नियम. गाठ सोडताना सर मला बळेच दाखवायचे, "बघा, हा माणूस डावखुरा आहे. फेरा उलटा घेतो." मी "हो का" म्हणायचे आणि मनात विचार करायचे की सकाळी गॅस बंद केला की नाही.

एका वर्षी दिवाळीनंतर कॉलेजच्या ऑफिसातून फर्मान आलं, केंद्रातले सगळे अंक मोजून नोंद द्या. सर म्हणाले, वेळ आल्याशिवाय गठ्ठा सुटणार नाही. ऑफिस म्हणालं, मग पगारही सुटणार नाही. सर दाढ काढायला गेले त्या दिवशी मी गुपचूप वरचे गठ्ठे सोडले. नुकत्याच आलेल्या गठ्ठ्यात वरच एक चिठ्ठी होती, ग्रंथपालांच्या पुतण्याची. काका ऑक्टोबरच्या सुरुवातीला वारले. पेपरचे पैसे डिसेंबरअखेरपर्यंत भरलेले आहेत, तेवढे अंक मी पाठवत राहीन. शेवटी लिहिलं होतं, "समासात काय लिहायचं असतं ते मला ठाऊक नाही, क्षमा करा."

मी गठ्ठे परत बांधले आणि चिठ्ठी पर्समध्ये टाकली. उद्या सांगायचं ठरवलं.

दुसऱ्या दिवशी गेले तर सर चष्मा काढून हसत होते. नऊ वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. केंद्रात जून चालू होता. समासात लिहिलं होतं, "पाण्याने आज सहावी पायरी गिळली आणि माझी एक चप्पल."

"अजून शोधत असेल चप्पल," सर डोळे पुसत म्हणाले. "मिळाली का ते उद्या कळेल."

पर्स माझ्या मांडीवर होती. उघडली नाही.

उद्या कळलं. "चप्पल मिळाली नाही. दुसरीही नदीला देऊन टाकली. जोडी मोडू नये."

आता सांगा, कोणत्या तोंडाने सांगणार होते? सरांना नगरात कोणी नव्हतं. लग्न केलेलं नाही, भाड्याची एक खोली, दुपारी खाणावळीचा डबा. विद्यार्थी म्हणावेत तर वर्षाला चार-पाच, तेही प्रमाणपत्र घेऊन पळणारे. मी होते, पण मी येता-जाता त्यांच्यावर करवादणारी. जगात रोज त्यांना एक ओळ लिहिणारा माणूस एकच होता. ती ओळ थांबली तर हा माणूस दुसऱ्या दिवशी कशासाठी उठेल, याची मला धास्ती बसली. आणि केंद्रात तो माणूस अजून चार महिने जिवंत होता! मी कोण त्याला जूनमध्येच मारणार?

होळीच्या सुमारास केंद्रात ऑक्टोबर उजाडला. माझी झोप उडाली. मग माझ्या सुपीक डोक्यात कल्पना आली. जुन्या अंकांवरून मी ते अक्षर गिरवायला लागले. मुलाच्या वहीच्या मागच्या पानांवर रोज तासभर सराव. नवऱ्याने विचारलं, "काय चाललंय?" मी म्हटलं, "बांगलादेशचा अभ्यास." पहिला कोरा अंक आला त्या दिवशी सरांच्या आधी अर्धा तास केंद्रात पोचले आणि समासात लिहिलं, "आज पाणी तिसऱ्या पायरीवर."

सर आले. अंक उघडला. समासाकडे बराच वेळ पाहिलं.

"बाई, पाणी तिसऱ्या पायरीवर."

मी सुटकेचा श्वास सोडला तो सायकल स्टँडवर ऐकू गेला असेल. आणि स्वतःवर इतकी खूश झाले की विचारू नका. मला वाटलं, मी नगरमध्ये उगाच वाया चाललेय, मी तर नोटा छापायला हव्या होत्या.

पंधरा दिवस मी नदी माझ्या मर्जीने वर-खाली केली. मग कंटाळा आला. मी मुळात पायऱ्यांवर भागणारी बाई नव्हे. एक दिवस लिहिलं, "छत गळतंय. बायको ओरडते आहे." सर वाचताना थबकले. "वहिनी ओरडतायत," एवढंच म्हणाले. मला चेव आला. पुढे वहिनींचे गुडघे दुखायला लागले. वहिनी म्हणाल्या, एकाच माणसाला रोज काय लिहिता, घरात बघा जरा. वहिनी म्हणाल्या, तुमच्या पेपरांनी कपाटात माझ्या लुगड्यांना जागा उरली नाही. ते कपाट कोणाचं, गुडघे कोणाचे, हे सांगायला नको.

मे महिना आला. घरी अंगणात मिरच्या वाळत घातलेल्या. केंद्रात डिसेंबर. मी घामाघूम होऊन लिहिलं, "बायकोने वर्षाचा मसाला कुटून घेतला. घरभर खोकला. फार उकडतंय."

सर स्वेटरमध्ये बसून वाचत होते. "तिकडेसुद्धा वर्षाचा मसाला एकदम करतात म्हणायचं. आणि डिसेंबरात."

"करत असतील," मी म्हटलं. "माणसंच आहेत ना तीही."

सर तिकडच्या रीतिभातींची बारीकसारीक गोष्ट वहीत टिपायचे. ही टिपली नाही. तेव्हाच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण मी स्वतःच्या अक्षरावर लुब्ध.

शनिवारी सरांनी नेहमीप्रमाणे पोस्टकार्ड माझ्याकडे टाकायला दिलं. मेलेल्या माणसाला कार्ड कुठे पाठवणार? त्या महिन्यांतली सगळी कार्डं मी घरी बिस्किटाच्या डब्यात ठेवत होते, अजून आहेत. यात लिहिलं होतं, "वहिनींना म्हणावं, गुडघ्याला कोमट तिळाचं तेल चोळा." सल्ला बरा वाटला. मी दोन रात्री चोळलं. आराम पडला. आणि पाचव्या दिवशी, देवा शप्पथ, मी समासात लिहिलं, "तेलाने बायकोला बराच आराम आहे. आभार."

सरांनी वाचलं. मग वर मान करून भिंतीवरच्या दोन्ही तारखा पाहिल्या. आधी डावी, मग उजवी. शनिवारी लिहिलेल्या कार्डाचं उत्तर बुधवारी हजर होतं, आणि तेही पाच महिन्यांपूर्वी छापलेल्या अंकावर!

"टपाल फार सुधारलं हो, बाई," सर म्हणाले आणि पान फाडायला उठले.

माझ्या डोक्यात प्रकाश पडला तो घरी भाकरी थापताना. भाकरी तव्यावर करपली, हात तसाच पिठाचा. पण तरीही मी स्वतःची समजूत घातली, काय म्हणावं या बाईला, की सरांना तारखांचा घोळ लक्षात आला नसेल! तारखांवर जगणाऱ्या माणसाला!

मेअखेर केंद्राच्या भिंतीवर शेवटचं पान उरलं. एकतीस डिसेंबर. कॉलेजला सुट्टी, सायकल स्टँड रिकामा, आम्ही दोघंच. त्या शेवटच्या अंकावर मी काही लिहू शकले नाही. सकाळी पेन्सिल हातात घेऊन बसले होते. पायरी लिहावी, तर कितवी? उद्या त्या पायरीचं काय झालं हे सांगायला अंकच नव्हता.

सरांनी कोरा समास पाहिला. अंक सावकाश, जाहिरातींसकट वाचला. पान फाडलं. नुसता पुठ्ठा उरला भिंतीवर.

मी पर्समधून पुतण्याची चिठ्ठी काढून टेबलावर ठेवली. सहा महिने पर्समध्ये राहून तिला हळदीकुंकवाचा डाग पडला होता. "सर, मी चूक केली," म्हटलं. आणि रडायला लागले. कोणासाठी, ते मला आजही नीट सांगता येणार नाही.

सरांनी चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि त्या शेवटच्या अंकात ठेवली.

"तो गठ्ठा टपालातून आला त्याच दिवशी मला कळलं होतं," ते म्हणाले. "गाठ उजव्या हाताची होती. नंतर बघतो तर त्यावर तुमची परकराच्या नाडीची."

मी रडायची थांबले. "म्हणजे पहिल्यापासून? मग बोलला का नाहीत?"

"जूनमध्ये होतो मी. त्याची चप्पल हरवली होती."

मला संतापावं की त्यांच्या पाया पडावं ते कळेना. नऊ वर्षांचा वैताग एकदम बाहेर पडला. "आणि मी लिहीत होते ते? पायऱ्या? छत? ते मसाल्याचं? सगळं माहीत असून तुम्ही मला तिळाचं तेल चोळायला लावलंत?"

"आराम पडला ना?"

नगरला आता नवं नाव मिळालंय. सर असते तर केंद्रात ते पाच महिन्यांनी लागू झालं असतं. त्या खोल्यांत हल्ली कॉम्प्युटर बसवलेत. नात फोनवर जगातला कुठलाही पेपर छापायच्या आत वाचते, आणि मी तिला विचारते की समासात काय लिहिलंय, तर म्हणते, आजी, याला समासच नसतो.

पण त्या दिवशी सर उठले. ऐन मेच्या उकाड्यात, माझ्या देखत पहिल्यांदाच, त्यांनी स्वेटर काढून खुर्चीच्या पाठीवर टाकला. दारापर्यंत गेले आणि वळून म्हणाले,

"तोही माझ्यासारखाच, बाई. जन्मभर एकटा राहिला. शेवटी का होईना, तुम्ही त्याला बायको दिलीत, फार चांगलं केलंत. फक्त जरा कमी कटकटी द्यायची होती."